फोटो काढू का?

रविवार, २ नोव्हेंबर

दुकानं बंद, बाहेर भुरभुर पाऊस, आणि साडेचारलाच उजेड विटला. जर्मनीतल्या कोलोन शहरात महिन्याभरात काढलेले फोटो आज कॉम्प्युटरवर उतरवले. ४१२ निघाले. डोमचे, म्हणजे इथल्या कॅथेड्रलचे दगड, डोमवरची कबुतरं, ऱ्हाइनवरच्या पुलाला प्रेमिकांनी अडकवलेली कुलपं, एरेनफेल्ड भागातला दीपस्तंभ. (कोलोनला समुद्र नाही. पण तिथे हेलिओस नावाचा विजेच्या सामानाचा कारखाना होता, तो दीपस्तंभांचे दिवे करायचा. त्याची ही खूण उरली आहे.) डोमच्या दक्षिणेकडच्या खिडकीचेच साठेक फोटो. चित्रकार गेरहार्ड रिश्टरने केलेली ही खिडकी २००७ साली बसवली. ७२ रंग, काचेचे सुमारे ११ हजार चौकोन, आणि संत-देवदूत एकही नाही. त्या दिवशी दुपारी घटकाभर ऊन पडलं होतं. सगळे माना वर करून बघत होते, आणि मी फरशीवर सांडलेले रंग टिपत बसले होते.

आज लक्षात आलं, ४१२ फोटोंत एकही चेहरा नाही. पाठमोरी माणसं आहेत, छत्र्या आहेत, एक कुत्रा तेवढा सरळ माझ्याकडे बघतोय. पावसावर ढकलता येईल, पण खरं कारण मला ठाऊक आहे. दगडाशी जर्मन बोलावं लागत नाही.

साताऱ्यात राजवाड्यापाशी कॅमेरा नुसता पिशवीतून काढला तरी पोरं ‘काकू, आमचा काढा’ म्हणून घेराव घालतात. इथे आधी विचारायचं. माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय पसरवायचा नाही, हा इथला कायदा १९०७ पासूनचा आहे. त्याच्या मुळाशी जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क आहे. १८९८ मध्ये तो वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर चोरून त्याच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढला. केवढा गहजब झाला! फोटोवाल्यांनी तेव्हा केलेल्या आगाऊपणाचं मी आता निस्तरतेय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

जर्मनच्या क्लासमध्ये देअर-दी-दास, म्हणजे नामांची लिंगं. स्पॅनिश आणि कोरियन मंडळी कपाळाला हात लावून बसली होती, मी मात्र निवांत. तो-ती-ते आमच्या घरचंच की! सुख दहा मिनिटं टिकलं. चमचा त्यांचाही ‘तो’. काटा मात्र ‘ती’, आणि सुरी ‘ते’. सूर्य बाई, चंद्र पुरुष. आपली सावली तिथे जाऊन पुल्लिंगी झाली आहे. चित्र तेवढं दोन्हीकडे ‘ते’ निघालं, तर एवढा आनंद झाला की बाजूचीला पेढा द्यावासा वाटला. बाकी माझं प्रत्येक वाक्य संपलं की बाई हसून म्हणतात, “नोखमाल.” म्हणजे पुन्हा एकदा. आज मी मोजलं, नऊ वेळा.

आणि हे कुठेतरी लिहून ठेवलंच पाहिजे. ‘आउफनामे’ म्हणजे फोटो, हा शब्द मी मागच्या आठवड्यात हौसेने पाठ केला होता. काल खांद्याचा एक्स-रे काढायला गेले. चिठ्ठीवर ‘र्‍योंटगेन-आउफनामे’ लिहिलेलं, समोर पाटीही ‘आउफनामे’ची. रांगेत उभी राहिले. वीस मिनिटांनी खिडकीतल्या बाईंनी विचारलं, किती दिवस राहणार? ती दाखल होणाऱ्यांची रांग होती. आत घेणं तेही आउफनामे, आणि फोटो काढणं तेही आउफनामे.

आपण फोटो काढतो, तसं चित्रही काढतो, काटा काढतो, आठवण काढतो, भांडण उकरून काढतो. जर्मनला हे कसं समजावणार?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अकराव्या महिन्याची अकरा तारीख, सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम सुरू. ट्राममध्ये माझ्या एका बाजूला मधमाशी, दुसऱ्या बाजूला दोन नन्स, दोघींनाही दाढी. आज सगळे स्वतःहून कॅमेऱ्यासमोर येत होते. शंभरेक चेहरे मिळाले. घरी येऊन बघितले तर सगळे रंगवलेले. एकही ठेवावासा वाटेना.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मेडियापार्कमधल्या फोटोसंग्रहात गेले. फोटोग्राफर ऑगस्ट झांडर याच शहरात राहिलेला. शेतकरी, कारागीर, बायका, कलावंत, बेकार, भिकारी असे अख्ख्या समाजाचे फोटो काढायला निघालेला माणूस. त्यातले ६० फोटो १९२९ मध्ये पुस्तकात आले. १९३६ मध्ये नाझींनी त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले. ‘असे’ जर्मन त्यांना नको होते.

१९२८ मधला त्याचा मिठाईवाला बघा. पांढरा डगला, टक्कल, आडवा बांधा, हातात भलंमोठं भांडं. हसत नाही, लाजत नाही, ‘मी हा असा’ म्हणून रोखून बघतोय. हे चोरून मिळत नाही. झांडरचा कॅमेरा काचेच्या प्लेटचा, समोरच्याला काही सेकंद तरी हलता येत नसणार. म्हणजे दोघांचं आधी ठरलेलं असणार, बोलणं झालेलं असणार.

माझा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकतो, मला बोलायला वेळच देत नाही. (हे कारण मला फार आवडलंय.)

शनिवार, २२ नोव्हेंबर

मंगळवारी विचारलं एकदाचं. व्हेन्लोअर श्ट्रास या रस्त्यावरचे भाजीवाले तुर्की काका. इथे आल्या आल्या मी त्यांच्याकडून कोथिंबीर म्हणून पार्सलीची जुडी आणली होती, पोह्यांवर घातल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला देठ चुरडून वास घ्यायला शिकवलं, तेव्हापासूनची ओळख.

वाक्य घोकून गेले होते: दार्फ इश झी फोटोग्राफीरेन? तुमचा फोटो काढू का? क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. बोलले एकदाची. काकांनी वजनकाट्यावरून मान वर केली आणि विचारलं, “व्होफ्युअर?” कशासाठी? याची तयारी नव्हती. मी म्हणाले, “तुम्ही... इथे... रोज.” त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, शनिवारी ये, सकाळी, आज एप्रन खराब आहे.

आज ते इस्त्रीचा एप्रन घालून, दाढी करून, उजव्या हातात पार्सलीची जुडी धरून पेट्यांसमोर उभे राहिले. हसा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिठाईवाला आठवून मिटलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, एक आजी पर्स धरून आमच्याकडे बघत होत्या. काका हलले नाहीत. हात माझाच हलत होता.

शनिवार, २९ नोव्हेंबर

प्रिंट नेऊन दिली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद दाराशी उजेडात नेला. बराच वेळ बघितलं. मग जुडीवर बोट ठेवलं. पानं मरगळून एका बाजूला पडली होती, मला दिसलंच नव्हतं. त्यांनी पेटीतून ताजी जुडी उचलली, पाणी झटकलं आणि पेट्यांसमोर जाऊन उभे राहिले.

“नोखमाल,” म्हणाले.