दुसऱ्याच्या ब्राखाला आमेन

इस्रायलमध्ये अनोळखी माणसं एकमेकांशी फार गोड वागतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रांगेत घुसणं, पार्किंगवरून कडाक्याचं भांडण, 'बाळाच्या डोक्यावर टोपी का नाही?' म्हणून भररस्त्यात झापणं, हे सगळं रोजचंच. पण याच देशात बसस्टॉपवर एखादी बाई पाण्याची बाटली उघडते, घोट घेण्याआधी 'शहाकोल निहिया बिद्वारो' असं पुटपुटते, आणि शेजारचा माणूस, ज्याने तिला जन्मात पाहिलेलं नाही, मोबाइलवरून नजरही न काढता 'आमेन', म्हणजे 'तसंच असो', म्हणतो. ती पाणी पिते. त्याची बस येते, तो जातो. यात कुणालाच काही विशेष वाटत नाही.

ब्राखा म्हणजे देवाची एका वाक्यातली स्तुती. ती खाण्यापिण्याआधी असते, अत्तर हुंगताना असते, वीज चमकली की असते, अगदी शौचाला जाऊन आल्यावरही असते. दिवसाला 100 ब्राखा म्हणाव्यात असं तल्मूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथात, सांगितलंय. बाहेरून आलेल्याचं लक्ष साहजिकच त्या शंभरांकडे जातं. दिमोनाच्या मावशींच्या लेखी मात्र खरी मेख आमेनमध्ये आहे.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. लहानपणी आईवडिलांबरोबर अलिबागकडून इकडे आल्या. आम्ही राहतो बीरशेबाला, तिथून दिमोना फार लांब नाही, त्यामुळे मराठी बोलायची हुक्की आली की मी त्यांच्याकडे जाते. 'ब्राखा काय, माणूस एकटा पण म्हणतो,' त्या म्हणतात. 'आमेनला दुसरा लागतो गो.'

आणि ते शब्दशः खरं आहे. स्वतःच्या ब्राखाला स्वतः आमेन म्हणायचं नसतं. (जेवणानंतरच्या प्रार्थनेत जेरुसलेमच्या उभारणीची एक ब्राखा आहे, तिला चालतं. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या परंपरेतले ज्यू, आणखी एकदोन ठिकाणी म्हणतात. नियम आला की अपवाद आलाच.) एकट्याने म्हटलेल्या ब्राखात उणं काही नसतं, पण तिला आमेन मिळत नाही. म्हणून सकाळच्या प्रार्थनेआधी काही सिनेगॉगांत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांत, एक गंमत दिसते. दोघं समोरासमोर उभे राहतात, एक आपल्या सकाळच्या ब्राखा मोठ्याने म्हणतो, दुसरा प्रत्येकीला आमेन देतो. मग पाळी बदलते.

तल्मूदमध्ये रब्बी (धर्मगुरू) योसे म्हणतात की ब्राखा म्हणणाऱ्यापेक्षा आमेन म्हणणारा मोठा. रब्बी नेहोराय त्यावर लगेच दाखला देतात: साधे शिपाई लढाईला तोंड फोडतात, जिंकतात ते मागून आलेले वीर. अर्थात तल्मूदचा स्वभावच असा की एक मत आलं की त्याला छेद देणारं दुसरं मागोमाग हजर. दोघंही स्तुतीत सारखेच सामील, पण फळ आधी ब्राखा म्हणणाऱ्याला, असंही तिथेच नोंदवलंय. मला हे वाचताना श्रावणातली आदित्यराणूबाईची कहाणी आठवली. तिथेही कहाणी सांगायची तर आधी ऐकणारा शोधावा लागतो, सहा मोत्यांतली तीन त्याच्या हातात द्यावी लागतात, आणि चित्तभावे ऐकणाऱ्याचीच मोळी सोन्याची होते.

फरक इतकाच की ज्यूंनी ऐकण्याच्या या कामाला काटेकोर नियम लावले. वाईट आमेनचे तीन प्रकार आहेत. एक 'हिसकावलेलं', म्हणजे सुरुवातीचा स्वर गिळलेलं किंवा समोरच्याची ब्राखा संपायच्या आत घाईने टाकलेलं. दुसरं 'तोडलेलं', शेवटचा 'न' नीट न उच्चारलेलं. तिसरं 'पोरकं', कुठल्या ब्राखाला उत्तर देतोय हेच माहीत नसताना म्हटलेलं. बेन अझ्झाई नावाच्या पंडिताने प्रत्येकाला शिक्षाही जोडून दिली: हिसकावणाऱ्याचे दिवस हिसकावले जातील, तोडणाऱ्याचे तोडले जातील, आणि पोरकं आमेन म्हणणाऱ्याची मुलं पोरकी होतील. जो लांबवून म्हणेल त्याचं आयुष्य लांबेल. पण भलतं ताणायचंही नाही. 'एल मेलेख नेएमान' (देव, विश्वासू राजा) हे तीन शब्द म्हणायला लागेल तेवढाच वेळ. शिवाय ब्राखा म्हणणाऱ्याच्या वर आवाज चढवायचा नाही.

मावशींच्या घरी हे सगळं अमलात येताना बघायचं. नातू कानात इअरफोन कोंबून जेवायला बसतो, आजोबा पावाची ब्राखा म्हणतात, हा तोंडातल्या तोंडात 'मेन' करतो. 'मेन काय? आ कुठे ठेवलास?' मावशी मराठीतच कडाडतात. नातवाला मराठीतलं एवढंच वाक्य नीट कळतं. निमूटपणे इअरफोन निघतात.

पोरक्या आमेनवर मात्र एक सुंदर पेच आहे. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन सिनेगॉगचं वर्णन तल्मूदमध्ये आहे. वडीलधाऱ्यांसाठी सोन्याची 71 आसनं, आणि सभागृह इतकं अवाढव्य की मागच्यांना आवाजच पोहोचत नसे. मधोमध लाकडी चौथरा होता. त्यावर एक सेवक हातात फडकं घेऊन उभा. आमेनची वेळ आली की तो फडकं फडकवी आणि सगळी सभा 'आमेन' म्हणे. सोनार, चांदीकाम करणारे, लोहार, विणकर आपापल्या जागी वेगळे बसत. परगावचा गरीब कारागीर आला की आपल्या धंद्याची माणसं ओळखून तिथे बसे, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय होई. आता ज्यांनी ब्राखा ऐकलीच नाही त्यांचं आमेन पोरकं नाही का? पुढच्या टीकाकारांनी त्यावर डोकं लढवलंय. उत्तर असं की प्रार्थनेचा क्रम त्यांना पाठ होता, त्यामुळे आवाज आला नाही तरी कुठली ब्राखा चाललीय हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे आमेनला पोरकं करतं ते अज्ञान, अंतर नव्हे. मला हा निवाडा फार आवडतो. 2020 मध्ये सिनेगॉग बंद होते तेव्हा लोक आपापल्या बाल्कन्यांतून प्रार्थना करत होते आणि समोरच्या इमारतीतून आमेन येत होतं. रेकॉर्ड केलेल्या ब्राखाला मात्र आमेन नाही. थेट चालू असलेल्या फोनवरच्या ब्राखाबद्दल रब्बींची मतं अजून जुळलेली नाहीत.

कद्दीश या प्रार्थनेत तर सगळा भार ऐकणाऱ्यांवरच. आईबाप गेल्यावर मुलगा अकरा महिने कद्दीश म्हणतो, त्याला दहा पुरुषांची मंडळी लागते. त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, नुसती देवाची थोरवी. पण गाभा आहे तो मंडळींनी एकसुरात दिलेल्या उत्तरात, 'आमेन, येहे श्मे रब्बा' (आमेन, त्याचं थोर नाव धन्य असो). ते जो सगळं बळ लावून म्हणेल त्याच्यावरचा वाईट निवाडा फाडून टाकला जातो, अशी श्रद्धा आहे.

इथल्या बायकांमध्ये 'आमेन-भोजनं' होतात. टेबलावर केक, द्राक्षरस, खजूर, काकडी, चॉकलेट मांडलेलं. पाच प्रकारच्या ब्राखा, एकेक बाई एकेक म्हणते, बाकीच्या गजरात आमेन. प्रत्येक ब्राखाला मागणं ठरलेलं: केक पोटापाण्यासाठी, द्राक्षरस लग्न जुळण्यासाठी, झाडाचं फळ मूलबाळ होण्यासाठी, जमिनीतलं आरोग्यासाठी. हे दरपत्रक मला फारसं रुचत नाही, काही रब्बींनाही रुचत नाही. पण सनातनी सिनेगॉगमध्ये दहाच्या मोजणीत बाई धरत नाहीत. इथे ब्राखाही त्यांची, आमेनही त्यांचंच. गर्दी का होते हे मला पुरेपूर कळतं.

मावशी अशा भोजनांना जातात आणि परतताना नाक मुरडतात. 'आपला मलिदा काय वेगळा आहे?' त्यांचं म्हणणं चूक नाही. लग्न, बारसं, नवं घर, फेडलेला नवस, काहीही असलं की एलियाहू हनबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात, तो तिथे येऊन गेला तेव्हापासूनचं हे नातं. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, सुकामेवा, वर फळं. मग एकेका जिन्नसाची ब्राखा. खजुराला झाडाच्या फळाची, केळ्याला मात्र जमिनीच्या पिकाची, कारण केळ घड देऊन मरते, तिला झाड म्हणत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सब्ज्याची डहाळी हातोहात फिरते, तिला सुगंधाची ब्राखा. प्रत्येकीमागे सगळ्या घराचं आमेन, आणि त्यात मावशींचा आ सगळ्यांत लांब.

आमेन कुणाला द्यायचं, यावरही जुना कायदा आहे. तल्मूदचा गाभा असलेली मिश्ना म्हणते: इस्राएलीच्या ब्राखाला आमेन द्या, शोमरोनीच्या (ज्यूंपासून वेगळ्या पडलेल्या पंथातल्या माणसाच्या) ब्राखाला मात्र ती पूर्ण ऐकल्याशिवाय देऊ नका. म्हणजे आधी विश्वास, मग आमेन. मावशींच्या वडिलांच्या पिढीने ही झडती वेगळ्या रूपात सोसली. लग्नाआधी बेने इस्राएलांच्या पिढ्या तपासायचा फतवा निघाला, जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि 1964 मध्ये संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. मावशी त्याबद्दल फार बोलत नाहीत. 'आमचं आमेन घ्यायला यांना संसद लागली,' एवढंच एकदा म्हणाल्या.

मग माझ्यासारख्या ज्यू नसलेलीचं काय? जेरुसलेमच्या तल्मूदमध्ये (तल्मूदच्या दुसऱ्या संहितेत) याची सोय आहे: परधर्मीयाने आशीर्वाद दिला तर आमेन म्हणावं. म्हणून मी 'देव तुमचं भलं करो' म्हटलं की मावशी हातातलं काम थांबवून, पूर्ण लांबीचं आमेन म्हणतात.

नातू आता सैन्यात जायचाय, त्याआधी मलिदा ठरलाय. आम्हा दोघांना आमंत्रण आलं ते ताकीद घेऊनच. 'वेळेवर या. तुझा नवरा नेहमी उशीर करतो. ब्राखा होऊन गेल्या तर आमेन नाही, नुसते पोहे मिळतील.'