कार्ड क्र. २१२ रद्द: ॲबकॉट नावाची टोपीच नव्हती

जुन्या इंग्रजी शब्दांची कार्डं मी लिहून पेटीत ठेवते. त्यातली टोप्यांची मालिका या रविवारी संपवायचीच होती. एकच कार्ड उरलं होतं, ॲबकॉट: इंग्लंडचे राजे पूर्वी घालत ती दोन मुकुटांच्या आकाराची टोपी. दोन साक्षी मिळाल्याशिवाय कार्ड पेटीत जात नाही, हा माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. इथे तर चार कोश साक्षीला होते. तरीही कार्ड रद्द करावं लागलं.

अडलं ते तिसऱ्या रकान्यात, वापराच्या वाक्यात. कोशाबाहेर हा शब्द भेटेचना. तीन संध्याकाळी स्कॅन धुंडाळण्यात गेल्या. (स्कॅनमधल्या शब्दशोधावर भिस्त ठेवू नका. जुन्या छपाईतला उभा लांब एस त्याला एफ वाटतो. पानं डोळ्यांनीच चाळावीत.) शेवटी चारही व्याख्या एकाखाली एक उतरवल्या, तर शब्दन् शब्द जवळपास सारखा! साक्षीदार मुळात एकच होता, सतराव्या शतकातला स्पेलमनचा 'ग्लॉसेरियम' हा कोश. आणि त्याने तो शब्द उचलला होलिनशेडच्या इंग्लंडच्या बखरीच्या १५८७ च्या आवृत्तीतून.

मूळ प्रसंग १४६४ चा. हेक्सहॅमच्या लढाईनंतर इंग्लंडचा राजा सहावा हेन्री निसटला, पण त्याची टोपी शत्रूच्या हाती लागली. तिचं खरं नाव बायकॉकेट. आधीचं 'अ' (a) हे इंग्रजी उपपद त्याला चिकटलं, नकला होता होता अबोकॉकेट, अबोकॉक झालं आणि १५८७ मध्ये ॲबकॉट. 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया' असं आपल्याकडचे पोथी उतरवणारे शेवटी लिहीत; या कोशकारांनीही जसं दिसलं तसंच उतरवलं. ऑक्सफर्ड कोशाचा संपादक जेम्स मरे याने १८८२ मध्ये ही साखळी उलगडली तेव्हा सुमारे तीनशे वर्षं लोटली होती. पुढे १८८६ मध्ये भाषाभ्यासक स्कीटने अशा शब्दांना 'घोस्ट वर्ड' म्हटलं. मी 'भूतशब्द' लिहिते.

बायकॉकेटचं कार्ड मात्र झोकात तयार झालं, वाक्यासकट! निळी शाई वापरली. नव्या गठ्ठ्यातली कार्डं इतकी पातळ आहेत की काळी पलीकडे उमटते. जुना जाड कागदच बरा.

आता भीती एप्रिसिटीची. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, आपलं कोवळं ऊन. माझं सगळ्यात लाडकं कार्ड. भूतशब्द तो नव्हे, लॅटिन मूळ पक्कं आहे आणि कॉकरमच्या १६२३ च्या कोशात तो आहे. पण माझ्याकडच्या दोन्ही साक्षी कोशांच्याच. म्हणून नियम बदलते: दोनपैकी एक साक्ष कोशाबाहेरची हवी. एप्रिसिटी तोवर पेटीबाहेर.

पुढची मालिका जुन्या वजनमापांची ठरली होती, पण हे चिकटलेलं 'अ' डोक्यातून जात नाही. उलटंही घडतं, शब्दाचाच 'न' उपपदाला जाऊन चिकटतो: 'अ नेप्रन'चं 'ॲन एप्रन' झालं, 'अ नॅडर'चं (हा एक साप) 'ॲन ॲडर'. आपलं नारिंगसुद्धा युरोपात जाऊन, इंग्रजीत पोहोचण्याआधीच 'न' गमावून बसलं. वजनमापं थांबू देत. पहिलं कार्ड नारिंगाचं.