आईची बाजू

गुरुवार, रात्री साडेदहा

कालपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. गोष्ट कसली, काहीच नाही. काँग्रेस रोडवर मी आईला डावीकडून उजवीकडे घेतलं. एवढंच.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडांखालची आमची नेहमीची फेरी संपली, तरी घड्याळातला पावलांचा आकडा हजाराला टेकेना. घरच्या ग्रुपवर दादाचे 11 हजार झालेले, वहिनीचे 9 हजार (ती पोळ्या लाटतानाही घड्याळ काढत नाही, असो). मी शेवटून पहिली. कारण मला माहीत होतं. हे घड्याळ पाय बघत नाही, हात बघतं. मनगट मागंपुढं झुललं की त्याला पाऊल पडल्यासारखं वाटतं. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की अख्खा बाजार पालथा घातलेला त्याच्या हिशेबात येत नाही, आणि दुसऱ्या रेल्वे गेटपासून खड्ड्यांतून स्कूटरवर आलं की फुकटची पावलं जमा. माझा डावा हात आईच्या मुठीत होता. म्हणजे घड्याळाच्या मते मी उभीच.

परत निघताना म्हटलं, "आई, जरा या बाजूला ये की."

ती आली. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. मिटलेली छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि डाव्या हातानं माझा हात धरला. त्या दुखऱ्या हातानं. शिवाय सिटी बस, टिप्पर, सगळं त्याच बाजूनं जाणार. मी मात्र डावा हात मोकळा सोडून परेडला निघाल्यासारखी.

घरी येईपर्यंत 1,700 वाढले. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

रात्री बघितलं तर आई टीव्हीसमोर बसून मनगट चोळत होती. थंडीनं असेल. पावसाची उघडीप नाही, गारठा आहेच.

खरं मलाही दिवसभरात मोकळी अशी ही चाळीस मिनिटंच मिळतात ना? दादाला तिकडं पुण्यात ट्रॅक आहे, भारीतले बूट आहेत, आणि कुणाचा हात धरायचा नाही. त्यानं सकाळी पळून यायचं, आकडे टाकायचे, खाली 'आज कमी का गं?' म्हणून विचारायचं. इथं राहणाऱ्या माणसाची पावलं कशात धरायची ते एकदा... जाऊ दे. हे लिहायला बसले नव्हते.

काल झोप येईना म्हणून रोज 10 हजार पावलं चालायच्या त्या आकड्याचं मूळ शोधत बसले. 1965 साली जपानात एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपलं, आकडा राहिला. पुढं 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात रोजच्या 4,400 पावलांतच मृत्यूच्या धोक्यात चांगला फरक दिसला आणि 7,500 च्या पुढं फारसा नाही. म्हणजे आईचं भागलं. तिनं काही न बांधता, काही न बघता.

हे वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण नेमकं तेव्हाच सुचलं की घड्याळ उजव्या हातात घालता आलं असतं.

इतकं साधं. एक पट्टा सोडायचा, एक बांधायचा. ते सोडून मी आईला हलवलं. आणि ते करताना एका क्षणासाठीसुद्धा काही चुकतंय असं वाटलं नाही, हे जास्त टोचतंय. रागावून केलं असतं, घाईत केलं असतं, तर समजू शकले असते. मी अगदी गोड आवाजात केलं.

आज निघायच्या आधीच घड्याळ उजव्या हातात घातलं. रस्त्यावर आलो तर आई आपणहून उजवीकडं आलेली, डावा हात पुढं करून. मी तिला परत आतल्या बाजूला घेतलं.

"आज इकडनं?"

"इकडनंच."

डेपोच्या फाटकापर्यंत ती गप्प. मग म्हणाली, "काल तरी मोजलं काय गं त्यानं?"

मी तिला घड्याळाचं काही बोलले नव्हते. काही म्हणजे काहीच.

"मोजलं," म्हटलं.

"मग बरं." चार पावलं गेल्यावर परत, "पायाला बांधायला येत नाही काय ते? चालालेत पाय, आणि बांधून घेतलीस हाताला."

घरी आल्यावर बांधून बघितलं. शेवटच्या भोकात बसतं, साडीत दिसतही नाही. आई म्हणते दुसऱ्या पायालापण एक आण, नुसतं एका पायात पैंजण बरं दिसत नाही.

दादाचा मेसेज आलाय. उद्या बघते.