निवडलंच नसेल तर?

रविवार, रात्री दहा

दुपारी धाकट्याचा पुण्याहून फोन आला. उपासनेहून येऊन मी नुकताच कुकर लावला होता. बोलता बोलता नेहमीचंच विचारलं, आज चर्चला गेला होतास का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताई, लहानपणापासून ऐकतोय, कुणाला तारायचं ते देवच निवडतो म्हणून. मग मला निवडलंच नसेल तर? तू उगाच कशाला जीव जाळतेस?"

चिडून बोलला असता तर मीही चिडले असते. पण तो खरंच विचारत होता. मला उत्तर सुचलं नाही. "भात लागेल" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

संध्याकाळी आईचं पवित्र शास्त्र कपाटातून काढलं. पुठ्ठ्याचा कोपरा झिजलाय, फिलिप्पैकरांच्या पत्राची पानं तर तिच्या बोटांनी मऊ झालीत. दुसऱ्या अध्यायात बारावं वचन पानाच्या अगदी तळाशी आहे: 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या'. त्याखाली आईची पेन्सिलीची रेघ, दोनदा ओढलेली. ह्याच वचनावर तिने आम्हांला वाढवलं. परीक्षेच्या दिवशीसुद्धा पहाटे प्रार्थनेला उठवायची. पान उलटलं की तेरावं वचन: इच्छा करणे आणि कृती करणे, दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. ते पान कोरं आहे. एकही रेघ नाही.

आई गेल्याला नऊ वर्षं झाली. इतक्या वेळा हे पुस्तक हातात घेतलं, पण आज पहिल्यांदा मला ती दोन वचनं जोडणारा शब्द दिसला. 'कारण'. पत्र लिहिणारा पौल 'तरीही' म्हणत नाही, 'पण' म्हणत नाही. तुम्ही झटा, *कारण* देव तुमच्यात काम करतोय. मी मात्र इतकी वर्षं दोन पारडी धरून बसले होते. देवाचं वजन वाढलं की माणसाचं कमी होणार, असा हिशोब.

हा हिशोब जुना आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये पेलाजियस नावाच्या तपस्व्याने उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन ह्याची प्रार्थना ऐकली, की देवा, तू जी आज्ञा करतोस ती पाळायची शक्ती तूच दे आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलाजियसला ती सहनच झाली नाही. सगळं देवानेच द्यायचं, तर माणूस प्रयत्न कशाला करील? त्याची काळजी मला कळते. आईचीही तीच काळजी होती. पण ऑगस्टीन असं का म्हणाला हे त्याच्या आईकडे पाहिल्यावरच समजतं.

मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षं रडली. 383 साली तो कार्थेजहून रोमला निघाला. ही बंदरापर्यंत मागे आली, हट्टच धरून बसली. एका मित्राला निरोप द्यायचाय, वारा सुटेपर्यंत थांबतोय, अशी थाप मारून त्याने तिला जवळच्या सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात रात्रभर थांबायला लावलं आणि जहाजात बसून निघून गेला. ती रात्रभर प्रार्थना करत होती, की देवा, ह्याला जाऊ देऊ नकोस. सकाळी किनाऱ्यावर जहाज नव्हतं. तो रोमहून पुढे मिलानला गेला, तिथल्या बिशप अँब्रोझची प्रवचनं ऐकू लागला, आणि 387 च्या ईस्टरला त्याच अँब्रोझच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्याने लिहिलं, की आई नेहमी जे मागत होती ते द्यायचं म्हणून देवाने त्या रात्रीचं मागणं नाकारलं. खोटं त्याचं, पळून जाणं त्याचं, इच्छा पूर्णपणे त्याची स्वतःची. आणि तरी तो नेमका तिथेच पोहोचला.

आपल्याकडे कवी ना. वा. टिळकांचं तसंच झालं. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांना बायबल दिलं आणि सांगितलं, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते पटलं नव्हतं. शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा. तो प्रवासी कोण, कुठला, त्यांना पुढे कधीच कळलं नाही. मला ह्यात देवाचा हात स्पष्ट दिसतो. पण लक्ष्मीबाई? त्यांना कुणी भाकीत सांगितलं नाही. नवऱ्याने धर्म सोडला म्हणून त्या तुटल्या, नंतर त्याच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं सांभाळून राहिल्या, आणि जातीपातीचा विचार स्वतःच्या मनाशी करत करत पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या. एकाच घरातली दोन माणसं, एकाला जणू ओढून नेलं, दुसरी एकेक पाऊल मोजत चालली. तिची पावलं देवाची नव्हती असं मी कशी म्हणू?

निवडीची शिकवण सगळ्यांत कडकपणे मांडली ती नेदरलंड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने, 1618-19 मध्ये. तिचं नाव ऐकूनच मला लहानपणी धडकी भरायची. पण तिच्या निर्णयांच्या पहिल्याच प्रकरणात एक कलम आहे, सोळावं, आणि ते माझ्या भावासाठीच लिहिल्यासारखं आहे. ज्यांना आपल्यात जिवंत विश्वास अजून जाणवत नाही, पण देवाकडे वळावंसं मनापासून वाटतं, त्यांनी नाकारलं जाण्याच्या विचाराने घाबरू नये. देव चेपलेला बोरू मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही. इतकी कडक माणसं, आणि तिथे आवाज एवढा हळू!

'मला निवडलं नसेल' असं माणसाने स्वतःविषयी ठरवावं, हा अधिकार शास्त्र कुणालाच देत नाही. निवडीचं बोलणं येतं ते धरून राहिलेल्यांना धीर द्यायला. येशू शिष्यांना म्हणतो, तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हांला निवडलं. हे तो त्यांना जेवणानंतर, अटकेच्या रात्री सांगतो. ज्याला काहीच पडलेलं नाही, तो असला प्रश्न विचारत नाही. धाकट्याने विचारला. दुपारी मला हे सुचायला हवं होतं.

आणि माझं काय? सहा वर्षं मी मागतेय, की प्रभू, त्याला चर्चला ने. आज गुडघे टेकले तेव्हा ते शब्द आलेच नाहीत. म्हटलं, त्याच्या मनात इच्छा तूच घाल, ती त्याची स्वतःची होऊ दे. हे मागता येतं, कारण माणसाचं मन देवाच्या हाताबाहेर नाही अशी माझी खात्री आहे. तशी नसती तर प्रार्थना कशाला केली असती, नुसती त्याची समजूत घालत बसले असते. खरं म्हणजे सहा वर्षं तेच करत आले.

बुधवारी त्याचा वाढदिवस. सकाळच्या एसटीने पुण्याला जाईन, त्याला आवडतात तशा तिखट करंज्या करून नेईन. चर्चचं विचारणार नाही. आईचं पवित्र शास्त्र मात्र बरोबर घेणार आहे, तो प्रश्न त्याने पुन्हा काढला तर दोन्ही पानं दाखवायला.