म्हशीचं पुस्तक: बगळ्याची मान अखेर जुळली

कन्येनं लिहिलेल्या नि चितारलेल्या म्हशीच्या गोष्टीचं आम्ही पुस्तक काढतोय. प्रेसमधून त्याची डमी, म्हणजे नमुना प्रत, आली आणि कन्येनं थेट पान ६-७ काढलं. डोहात डुंबणारी म्हैस, पाठीवर गायबगळा, दोन्ही पानांवर पसरलेलं तिचं सगळ्यात लाडकं चित्र. "बाबा, बगळ्याची मान मोडली!" खरंच मोडली होती. डावा अर्धा बगळा दोनेक मिलिमीटर वर, उजवा खाली, आणि डोहाचा निळा रंग एका पानावर हिरवट. प्रेसवाल्यांचं उत्तर, "साहेब, एवढा फरक चालतो." चित्र जिचं आहे तिला चालत नाही, मग मलाही नाही.

कारण शोधायला कोऱ्या कागदांची डमी दुमडून बसलो. आपलं पुस्तक ए-५, १६ पानी, मध्ये पिना. म्हणजे एकात एक घातलेले चार ए-४ कागद. पान ६ छापलं जातं ११ च्या शेजारी आणि पान ७ छापलं जातं १० च्या शेजारी, म्हणजे समोरासमोरची ही दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर येतात. छपाई थोडी सरकली, घडी केसभर हलली, की मान गेलीच. अखंड कागद मिळतो तो फक्त ८-९ ला. जोडचित्र काढायचं असेल तर आधी अशी डमी दुमडा, मगच मुलांच्या हातात खडू द्या.

चित्र ८-९ वर न्यायचं तर आधी दोन पानं वाढवायची आणि नंतरची दोन कमी करायची. कमी करणं सोपं निघालं: 'समाप्त' आणि लेखिकेची ओळख मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला गेली. वाढीव पानांचं काम लेखिकेकडे. तिनं बराच वेळ खडू चावला आणि सांगितलं, "एका पानावर नुसता पाऊस. दुसऱ्यावर म्हैस हाक मारली तरी येत नाही, भूक लागली की येते." मी शब्दही हलवला नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, वाक्य तिचंच राहतं. याबाबत माझं मत आता आणखी पक्कं झालंय. गोष्टीत आता म्हैस का हरवली ते कळतं, आधी ते कळतच नव्हतं!

पावसाचं पान स्कॅन करताना तैलखडूचा चुरा काचेला चिकटत होता. चित्राखाली ओएचपीची (जुन्या प्रोजेक्टरवर ठेवायची) पारदर्शक शीट ठेवली, काच स्वच्छ राहिली. चित्र मोठं करायचं नसेल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतो. मोबाइलच्या फोटोत पांढरा कागद पिवळट येतो, त्या वाटेला जाऊच नका. मजकुरासाठी 'एक टाइप'चा बालू हा फॉन्ट: गुबगुबीत, मोफत, आणि नव्यानं वाचायला लागलेल्या मुलांना सहज वाचता येतो. पानं मांडायला स्क्रायबस हे सॉफ्टवेअर; त्याच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची, १.६ मध्ये छान बसतात.

नवी डमी घरच्या प्रिंटरवर काढली. मान जुळली! कन्येनं बोट फिरवून खात्री केली.

आणि हे लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. पिना दिसतात त्या नेमक्या ८-९ च्या घडीवर. वरची पिन बगळ्याच्या मानेतूनच जाणार. बगळा बाजूला सरकवणं हा एक उपाय, पण चित्राला हात लावायचा नाही असं ठरलंय. मग पिनाच नकोत, दोऱ्यानं शिवू; तो पिनेइतका डोळ्यात भरत नाही. पंचवीसच प्रती काढायच्या आहेत. दाभणानं भोकं मी पाडेन, मेण लावलेला पांढरा दोरा ती ओवेल. प्रेसला आता फक्त छापून, घड्या घालून द्यायला सांगतो.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचा, अर्ज सध्या बाजूला. राजा राममोहन रॉय एजन्सी तो विनाशुल्क देते, पण घरच्या नि शाळेतल्या वाटपाला त्याची गरज नाही. विक्रीचं ठरलं तर बघू. शिवण आधी.

१३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर कोणी हातानं शिवलाय का? तीन भोकं पुरतील की पाच पाडू? दोरा ताणला की कागद फाटतो का, तेही सांगा. शनिवारी कागद आणायला निघतोय.