दहा नंबरच्या पुढचे सभासद

दूध संस्थेच्या फरकाच्या, म्हणजे दिवाळीआधी सभासदांना मिळणाऱ्या वाढीव रकमेच्या, यादीत पंचवीसच नावं छापून आली होती. संस्थेचे सभासद ३१२. दिवाळी तोंडावर आलेली, आणि सचिवांचा फोन: "सर, यादी मधीच तुटतीया. एकेकाची पावती काढाय गेलं तर नंबर भलताच येतोय. जरा येऊन जावा की."

दूध संस्थांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम सांभाळायचं माझं काम. ही संस्था करवीर तालुक्यातली, बालिंग्याचा पूल ओलांडून पुढं. आमच्याकडं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं आणि गेल्या वर्षीच्या दुधावरचा फरक दिवाळीआधी. पोरांचे कपडे, फराळ, दुकानाची उधारी, सगळं त्या रकमेवर ठरलेलं असतं. तिथं एका रुपयाचीही गफलत मला सहन होत नाही.

मी पोचलो तेव्हा कार्यालयात ११ नंबरच्या आक्का पासबुक घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पावतीवर सभासद क्रमांक होता २८८०. नाव कोरं. रकमेच्या जागी उणे शून्य. "माझं नाव कुठं गेलं वो?" एवढंच त्यांनी विचारलं. १ ते १० नंबरच्या पावत्या मात्र चोख होत्या.

प्रोग्रॅम सी भाषेतला, छोटासाच. त्याचा एक भाग वर्षभराच्या बिलांची बेरीज करून फरकाची फाईल तयार करतो. दुसरा, नंबर टाकला की थेट त्या सभासदाची नोंद उचलतो. प्रत्येक नोंद बरोबर ६४ बाईटची: क्रमांकाचे ४, नावाचे ४०, कंपाइलरनं (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं) मोकळे सोडलेले ४, मग लिटर ८ आणि रक्कम ८. म्हणजे ११ वी नोंद सुरू होते १० गुणिले ६४, ६४० व्या बाईटला. सी मधल्या एफसीक या आज्ञेनं तिथं उडी मारायची, एफरीडनं ६४ बाईट उचलायचे. आधीच्या दहा नोंदींकडं बघायचंही कारण नाही. हा प्रोग्रॅम पूर्वी कुणीतरी लिनक्सवर लिहिला होता आणि वर्षानुवर्षं नीट चालला. यंदा संस्थेत विंडोजचा नवा कॉम्प्युटर आला, त्यावर तोच कोड पुन्हा कंपाइल झाला आणि फरकाची फाईल पहिल्यांदाच या मशीनवर तयार झाली.

मी आधी फाईलची लांबी पाहिली. एफसीकला एसईईके-एंड देऊन शेवटी जायचं आणि आपण कितव्या बाईटवर आहोत ते एफटेलला विचारायचं. ३१२ गुणिले ६४ म्हणजे १९,९६८ यायला हवेत, आले १९,९७५. सात बाईट जादा! सगळ्या नोंदी सारख्या लांबीच्या असताना ६४ नं भाग जात नाही म्हटल्यावर नुसतं बेरजेत चुकलंय असं म्हणायला जागाच उरली नाही.

मग फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली. तो प्रत्येक बाईट सोळाच्या पटीतल्या आकड्यांत दाखवतो, त्यात १० म्हणजे ०ए आणि १३ म्हणजे ०डी. ५७६ व्या बाईटला, दहाव्या नोंदीच्या तोंडाशी, ०ए ००  ०० ०० दिसायला हवं होतं. होतं ०डी ०ए ०० ०० ००. तिथंच सगळा उलगडा झाला. फाईल टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे आत ओळींचा मजकूर आहे असं धरून, उघडलेली होती. विंडोजवर या मोडमध्ये लिहिताना १० किमतीचा बाईट आला की त्याला ओळीचा शेवट समजून आधी १३ चा बाईट घुसवला जातो. सभासद क्रमांक १० हा त्याला ओळीचा शेवट वाटला. वाचताना तो १३ परत गाळला जातो, म्हणून १० ची स्वतःची पावती चोख आली. पंगतीत मध्येच एक पाट सरकवला की पुढचे सगळे एकेक जागा सरकतात, तसं ११ पासून पुढं झालं. क्रमांक २६६ म्हणजे २५६ अधिक १०, त्याच्या नोंदीतही पहिला बाईट १० च, आणि काहींच्या लिटर-रकमेतही तो होता. म्हणून सात.

आक्कांचा २८८० आता कागदावर मांडता आला. ६४० व्या बाईटला त्यांची नोंद नव्हतीच, दहा नंबरवाल्याच्या रकमेचा शेवटचा बाईट होता, किंमत ६४. त्यानंतर त्यांचा ११. क्रमांकात पहिला बाईट एककाचा, दुसरा २५६ च्या पटीचा. अकरा गुणिले २५६ अधिक ६४, झाले २८८०. क्रमांकातला एक शून्य बाईट सरकून नावाच्या पहिल्या घरात बसला, आणि सी मध्ये शून्य बाईट म्हणजे नाव संपलं. सचिवांना हे आकडे लिहून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आक्कांचं पैसं हायत, फक्त एक घर सरकून हायत."

यादी पंचविसावर का थांबली, तेही त्याच मोडमुळं. २६ किमतीचा बाईट, म्हणजे कंट्रोल-झेड, विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये वाचताना फाईलचा शेवट मानला जातो. सीपीएम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाईलची लांबी १२८ बाईटच्या ठोकळ्यांत मोजली जायची, त्यामुळं मजकूर नेमका कुठं संपला ते सांगायला ही खूण लागे. ती रीत डॉसमधून इथवर आली आणि बालिंग्यापलीकडच्या २६ नंबरच्या सभासदाला आडवी गेली.

मला खरी धडकी भरली ती पुढच्या चाचणीत. आधी ५ नंबर काढला, मग २६. एफरीडला एकच बाईट मिळाला आणि वाचन थांबलं. पण पुरती नोंद आली का, हे कोडमध्ये कुणी विचारलेलंच नव्हतं. पडद्यावर क्रमांक आला ६४, म्हणजे तो एकच सरकलेला बाईट, आणि नाव-रक्कम मेमरीत उरलेली ५ नंबरवाल्याची, जशीच्या तशी. कोरी पावती निदान कुणाच्या तरी डोळ्यात येते. दुसऱ्याच्या नावाची आणि रकमेची पावती गर्दीत हातात पडली असती तर?

ज्यानं हे लिहिलं त्याला मी बोल लावणार नाही. लिनक्सवर फाईल उघडताना 'बी' (बायनरी, म्हणजे बाईट जसेच्या तसे ठेवा) लिहा, न लिहा, फरक पडत नाही. त्याच्या मशीनवर ही चूक दिसणारच नव्हती. पण सी चं १९८९ चं प्रमाणही टेक्स्ट फाईलमध्ये मनानं बाईट मोजून उडी मारायला परवानगी देत नाही. शून्यावर, नाहीतर एफटेलनं दिलेल्या जागेवरच जाता येतं.

दुरुस्ती दोन अक्षरांची: लिहिताना 'डब्ल्यू' चं 'डब्ल्यूबी', वाचताना 'आर' चं 'आरबी'. सोबत एफरीडचं उत्तर तपासणारी ओळ, आणि फाईलच्या लांबीला ६४ नं भाग गेला नाही तर पावतीच न काढण्याची अट. बिलांच्या मूळ फाईली साबूत होत्या, त्यांवरून फरकाची फाईल नव्यानं केली. लांबी १९,९६८. सचिवांनी १०, ११, २६, २६६ आणि २८२ हे नंबर एकेक करून पासबुकांशी ताडून पाहिले. मग आक्कांची पावती निघाली, नावासकट, आणि त्यांच्यामागं रांग लागली.