उत्तरपत्रिका सध्या कोठे आहे?

माझा शेवटचा पेपर होऊन आज ७४ दिवस झाले. एम. ए. इतिहास, पहिले वर्ष, चार पेपर आणि शिक्षण दूरस्थ पद्धतीचे. या ७४ दिवसांत विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील निकालाचे पान मी रोज एकदा तरी उघडले आहे. परीक्षेच्या वेळी हॉल तिकिटावर पाहून एकेक अंक लिहावा लागणारा कायम नोंदणी क्रमांक त्यामुळे आता तोंडपाठ झाला आहे. तो टाकला की दर वेळी एकच वाक्य येते : ‘या क्रमांकाची नोंद उपलब्ध नाही.’

हे वाक्य मला इतर कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक अस्वस्थ करते, कारण त्याचे किमान तीन अर्थ होऊ शकतात. निकाल अजून कोणाचाच लागलेला नाही, हा पहिला. इतरांचा लागला असून माझा राखून ठेवला आहे, हा दुसरा. आणि माझ्या उत्तरपत्रिका किंवा गृहपाठाचे गुण वाटेत कोठे तरी राहून गेले आहेत, हा तिसरा. यांपैकी कोणता अर्थ खरा आहे, हे महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी वर्गातल्या दोघा-तिघांना विचारून पाच मिनिटांत जाणून घेईल. मला तसे विचारण्यासाठी वर्ग नाही. परीक्षा केंद्रावर माझ्या पुढच्या बाकावर बसलेल्या बाईंचे नावसुद्धा मला ठाऊक नाही. चार दिवस आम्ही एकमेकींकडे पाहून फक्त हसलो होतो.

वाट पाहणे मला नवे नाही. चौदा वर्षे नोकरी केल्यानंतर पुन्हा शिकायला घेतले, तेव्हा धीर धरावा लागणार हे गृहीतच होते. मग या वेळचे थांबणे इतके जड का होत आहे, याचा मी गेले काही आठवडे विचार करीत आहे आणि त्याचे उत्तर मला माझ्या तिसऱ्या पेपरमध्ये सापडले.

त्या पेपरमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर एक दीर्घोत्तरी प्रश्न होता. अभ्यासपुस्तिकेत ही कारणे राजकीय, सामाजिक, आर्थिक आणि वैचारिक अशा चार मथळ्यांखाली मांडलेली आहेत आणि तशीच लिहिली तर बरे गुण मिळतात, असा समज आहे. मी तसे लिहिले नाही. क्रांती का झाली आणि ती १७८९ च्या उन्हाळ्यातच का झाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे मी आरंभीच म्हटले. पहिल्याचे उत्तर देताना सरंजामी हक्क, रिकामा राजकोष आणि तत्त्वचिंतकांचे लेखन यांचा परामर्श घेतला. दुसऱ्यासाठी मात्र १७८८ मध्ये बुडालेले पीक आणि त्यानंतर चढत गेलेला पावाचा भाव यांवर सर्वाधिक भर दिला. हा विचार मला कोणी शिकवलेला नव्हता. पहाटे पाच ते साडेसहा, कार्यालयात जाण्यापूर्वीच्या वेळात, वाचता वाचता तो मनात तयार झाला होता आणि तो बरोबर आहे की अर्धवट, हे मी आजवर एकाही जाणकार माणसाला विचारू शकलेले नाही.

माझ्या विचाराचा पहिला वाचक म्हणजे तो परीक्षक. वर्षभर मी जे शिकले, त्याला समोरून मिळणारा पहिला प्रतिसाद म्हणजे निकाल. वर्गातील विद्यार्थ्याला असा प्रतिसाद रोज थोडा थोडा मिळत असतो : शिक्षकांच्या चेहऱ्यावरून, चाचणीतल्या गुणांवरून, शेजाऱ्याच्या वहीत डोकावून. त्याला आपण साधारण कोठे उभे आहोत हे निकालापूर्वीच कळलेले असते. दूरस्थ विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र वर्षभराचा सगळा संवाद त्या एका पानावर येऊन साचतो आणि ते पान म्हणते, नोंद उपलब्ध नाही.

गृहपाठ होते की, असे कोणी म्हणेल. होते. प्रत्येक विषयाचे दोन याप्रमाणे आठ गृहपाठ मी हाताने लिहून अभ्यासकेंद्रात जमा केले आणि त्यांची पोच घेतली. त्या वह्या परत आल्या नाहीत. त्यांवर कोणी काही शेरा लिहिला असेल, तर तो माझ्यापर्यंत पोहोचलेला नाही. अनेक मुक्त विद्यापीठांत गृहपाठाला २० किंवा ३० टक्के भार असतो. पण गृहपाठाचा मूळ हेतू गुण हा नव्हता. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले, तेव्हा तिच्या शिक्षणपद्धतीच्या केंद्रस्थानी गृहपाठच होता. विद्यार्थ्याने लिहून पाठवायचे, शिक्षकाने वाचून सविस्तर अभिप्रायासह परत करायचे आणि दोघांमधील अंतर असे कागदावर भरून काढायचे, ही ती कल्पना होती.

याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १८५८ मध्ये, लंडन विद्यापीठाने आपल्या बहुतेक पदव्यांच्या परीक्षा कोठेही आणि कसाही अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या केल्या होत्या. ती वेगळी व्यवस्था होती. तेथे विद्यापीठ शिकवीत नसे. ते केवळ परीक्षा घेत असे आणि विद्यार्थ्याने आपले आपण शिकून यावे अशी अपेक्षा असे. त्या व्यवस्थेनेही असंख्य लोकांना पदवीची वाट दाखवली, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. रॉबेन बेटावरील तुरुंगात असताना नेल्सन मंडेला याच विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास करीत होते आणि पुढे १९८९ मध्ये, कैदेतच असताना, त्यांनी दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी दूरस्थ पद्धतीने मिळवली. परंतु या दोन परंपरांमध्ये गल्लत होऊ नये, असे मला फार वाटते. नाव शिकवणाऱ्या परंपरेचे आणि व्यवहार केवळ परीक्षा घेणाऱ्या परंपरेचा, असे जेथे घडते तेथे विद्यार्थी शिकवणाऱ्या संस्थेत नाव नोंदवतो आणि प्रत्यक्षात केवळ परीक्षा घेणाऱ्या संस्थेशी त्याची गाठ पडते.

रांगेत थांबणाऱ्या ग्राहकांना वेळ कसा जाणवतो, याविषयी डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९८५ मध्ये काही निरीक्षणे मांडली होती. किती थांबायचे हे माहीत नसेल तर वाट अधिक लांब वाटते. का थांबायचे हे सांगितले नाही तर ती लांब वाटते. आणि चारचौघांबरोबर थांबण्यापेक्षा एकट्याने थांबणे लांब वाटते. ही तिन्ही निरीक्षणे वाचताना मी क्षणभर थबकले, कारण आमच्या परिस्थितीत ती एकाच वेळी लागू पडतात.

यांपैकी एकटेपणावर विद्यापीठाने लगेच काही करावे, अशी माझी मागणी नाही. तो आम्ही निवडलेल्या पद्धतीचाच भाग आहे. पहिल्या दोन गोष्टींबाबत मात्र पुष्कळ करता येईल. उत्तरपत्रिकेचा प्रवास गूढ नसतो. परीक्षा केंद्रावर तिचे गठ्ठे बांधून मोहोरबंद केले जातात आणि विद्यापीठाकडे पाठवले जातात. तेथे आसन क्रमांक झाकून किंवा काढून त्या जागी सांकेतिक क्रमांक दिला जातो, जेणेकरून परीक्षकाला विद्यार्थी कोण हे कळू नये. मग मूल्यमापन होते. ते करणारे प्राध्यापक बहुधा आपापल्या महाविद्यालयातील तासिका सांभाळून हे काम करतात. नंतर नियामक काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुणदानात समानता आहे ना, हे पाहतात. गुणांची नोंद होते, सांकेतिक क्रमांकावरून पुन्हा मूळ क्रमांक जुळवला जातो, अभ्यासकेंद्रांकडून आलेले गृहपाठाचे गुण त्यात मिळवले जातात आणि शेवटी मंजुरी मिळून निकाल जाहीर होतो. दूरस्थ शिक्षणात केंद्रे दूरदूर विखुरलेली असल्यामुळे एखाद्या केंद्राचा गठ्ठा किंवा गुणांची यादी उशिरा आली, तरी पुढचे काम अडते. उशीर का होतो, हे मला समजते आणि घाईघाईने तपासलेल्या उत्तरपत्रिकेपेक्षा सावकाश, नीट वाचलेली उत्तरपत्रिका मला शतपटीने हवी आहे.

परंतु या प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी सही करते, तारीख टाकते, नोंद ठेवते. म्हणजे माझी उत्तरपत्रिका कोणत्या टप्प्यावर आहे, ही माहिती कोणाजवळ तरी आहेच. स्पीड पोस्टने पाठवलेल्या साध्या पाकिटाचा क्रमांक टाकला की ते कोणत्या कार्यालयात पोहोचले आहे, हे आज घरबसल्या दिसते. चार पेपरांपुढे ‘केंद्राकडून प्राप्त’, ‘मूल्यमापन सुरू’, ‘गृहपाठाचे गुण प्राप्त’ एवढे शब्द दिसले, तरी निकाल एक दिवसही लवकर न लागता आमची वाट निम्म्याने हलकी होईल.

अशा काळात मन दुसरीकडे गुंतवावे, असा सल्ला सगळेच देतात. केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील वकिली परवान्याच्या परीक्षेचा निकाल येण्यापूर्वीच्या चार महिन्यांत ती परीक्षा दिलेल्या कायद्याच्या पदवीधरांचा अभ्यास केला होता. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा कमी ठेवणे, विचार टाळणे, त्यातून काही चांगले निघेल अशी समजूत घालणे, असे जे जे उपाय ते करीत होते, त्यांनी त्यांची चिंता फारशी कमी झाली नाही, असे त्यात आढळले. उलट ज्यांनी हा काळ अधिक काळजीत काढला, त्यांनी नापास झाल्याची बातमी अधिक नीट पेलली. हे वाचून मला दिलासा मिळाला. आपल्या अस्वस्थतेत काही दोष आहे, असे वाटणे थांबले. पण त्या पदवीधरांना एक गोष्ट ठाऊक होती, जी मला ठाऊक नाही : निकालाची तारीख.

तारीख नसल्याचा परिणाम केवळ मनावर होत नाही. दुसऱ्या वर्षाच्या नोंदणीची मुदत येत्या २० तारखेला संपते. अर्जात ‘मागील वर्षाचा निकाल’ हा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवून अर्ज स्वीकारला जाईल की नाही, याची दोन कार्यालयांनी मला दोन वेगळी उत्तरे दिली. शुल्क भरावे, तर एखाद्या विषयात राहिले असल्यास काय, हा प्रश्न. न भरावे, तर वर्ष वाया जाण्याची भीती. घरी सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, ‘लागला का गं निकाल?’ त्यांच्या विचारण्यात काळजीच असते. पहिले काही दिवस ‘अजून नाही, आई’ म्हणताना मला अवघडल्यासारखे होई. आता मी त्यांच्याजवळ बसून कोणत्या पेपरात काय लिहिले ते सांगते. परवा मी त्यांना पावाच्या भावाचा मुद्दा सांगितला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘घरात पीठ संपलं की मगच माणूस बोलायला लागतो. बरोबर लिहिलंस.’ त्या सातवीपर्यंत शिकल्या आहेत. माझे ते उत्तर ऐकून त्यावर मत देणाऱ्या त्या पहिल्याच.

त्या रात्री मी परीक्षा विभागाला एक पानाचा अर्ज लिहिला. निकाल केव्हा लागेल, हा प्रश्न त्यात नाही. चारही विषयांच्या उत्तरपत्रिका केंद्राकडून मिळाल्या आहेत का, आठही गृहपाठांचे गुण जमा झाले आहेत का आणि तपासलेले गृहपाठ शेऱ्यांसह परत मिळण्याची काही व्यवस्था आहे का, असे तीनच प्रश्न विचारले आहेत. सोबत गृहपाठांच्या पोचपावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. ज्यांच्याकडे आपल्या पावत्या असतील, त्यांनी त्या आजच शोधून एकत्र लावून ठेवाव्यात. माझी एक पावती सापडायला दोन दिवस लागले. अर्ज काल दुपारी आवक विभागात दिला. पोचेवर शिक्का आहे, तारीख आहे आणि खाली आवक क्रमांक आहे.